शंभरावर संपणारी पट्टी

मी एक जुनी मीटरपट्टी आहे. मित्रांनो, सत्य हाच माझा धर्म. आयुष्यात मी कुणाला फसवलेलं नाही. माझी लांबी नव्वद सेंटिमीटर आहे.

जन्मले तेव्हा पुरती शंभर होते. सागवानी अंग, काळे ठसठशीत आकडे. पारनेरकडच्या एका शाळेत आले आणि कामाला लागले. मोजायचं काम आठवड्यातून एकदा, मारायचं रोज. मुख्याध्यापक आप्पासाहेब मला शंभराच्या टोकाला धरत. त्यामुळे शून्याकडची बाजू मुलांच्या पाठीवर झिजली, तिचे छिलपे निघाले.

बहात्तरच्या दुष्काळात दानीएल गुरुजी आले. नेमणूक तात्पुरती. ते मारत नसत, म्हणून त्यांना गणित येत नसावं असा गावाचा समज होता. त्यांनी खेळ काढला. चिठ्ठीत गणित, उत्तरात पुढच्या चिठ्ठीची जागा, आणि शेवटी पुरलेली कंपासपेटी. या खेळात चौथीतली चांगुणा सगळ्यांच्या पुढे असे.

तपासणीला साहेब येणार होते. चांगुणाचा बाप कारभारी गुरुजींना म्हणाला, "सायबाम्होरं तिनं पेटी काढली तर शिकू द्या. न्हाई तर सोमवारपासून खडी फोडाया."

आदल्या दुपारी गुरुजींनी माझ्याच मापाने पेटी पुरली. संध्याकाळी शाळा सारवली, घंटा चिंचेने घासली. माझं फाटकं टोक बरं दिसेना, म्हणून आप्पासाहेबांनी करवतीने दहा सेंटिमीटर उडवलं आणि वर रंगाचा हात दिला. मी फार देखणी दिसू लागले.

सकाळी चांगुणाने पहिली चिठ्ठी उघडली. सात आठे छप्पन, वजा बेचाळीस. ती धावत कुंपणाच्या चौदाव्या खांबाशी गेली. तिथे दुसरी: चौऱ्याऐंशी भागिले सात, लिंबापासून घंटेकडे तितके मीटर. मला बारा वेळा जमिनीवर ठेवत ती पुढे सरकली आणि उकरू लागली. खाली काहीच नव्हतं. गुरुजींनी पुढे जाऊन पेटी काढून दाखवली.

"बघा," साहेब म्हणाले, "पोरगी मोजायला चुकली."

चांगुणाने मला उचललं, निरखलं. "साहेब, ही पट्टी धापासून सुरू हुती. मीटरमागं धा उणं. बारा दाहे वीसासे, म्हंजी येकशे वीस. तेवढंच अंतर कमी पडलं. मोजून बघा की!"

"लई श्यानी!" आप्पासाहेब गरजले. "शाळेच्या पट्टीला खोटं पाडतीस व्हय गं?"

साहेबांनी मला हातात घेऊन शेवट वाचला. "शंभर. बरोबर तर आहे."

गुरुजींनी माझ्या कापलेल्या टोकाकडे पाहिलं, मग आप्पासाहेबांकडे पाहिलं. मग ते चिठ्ठ्या गोळा करू लागले.

"चल," कारभारी म्हणाला.

सोमवारी चांगुणा खडीवर गेली. गुरुजींची नेमणूक वर्षभर वाढली. तो खेळ मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही. मी कपाटामागे पडून आहे. जळमटं काढायची असली की माझी आठवण होते.

मित्रांनो, मोजायच्या वस्तूने कुणाला मारू नका. आणि एखादी मुलगी पट्टी खोटी आहे म्हणाली, तर निदान पट्टी मोजून बघा.

दर मार्चमध्ये शाळेच्या सामानाची नोंद तपासतात. मीटरपट्टी, एक नग, लांबी शंभर सेंटिमीटर, स्थिती उत्तम.