शेवटच्या दोन भाकऱ्या

मित्रांनो, तुमच्या घरी ओट्याखाली, सगळ्या भांड्यांच्या मागे एखादी काळी कढई उपडी पडलेली असेल. मी तशीच एक जुनी लोखंडी कढई आहे. पनवेलच्या बाजारातल्या लोहाराने मला ठोकून घडवलं. जवळच्या नेरे गावच्या शशिकलाबाई लग्नानंतर पहिल्यांदा बाजाराला आल्या, तेव्हा मला घेऊन गेल्या.

त्यांच्या घरात शिळं म्हणून काही टाकलं जात नसे. रात्रीची तांदळाची भाकरी सकाळी कडक झाली की त्या ती कुस्करत, माझ्यात लसूण-मिरचीची फोडणी करत, मोरा बंदराहून आलेला सुका जवळा परतत आणि वरून ताकाचा हबका मारत. शिळ्या पावाचा चुरा माशांच्या वड्यांत जाई; नाहीतर पाव नारळाच्या दुधात, गुळात शिजे. पाहुणे ताटं पुसून खात. पुढे शेताच्या जागी इमारत झाली, गुळगुळीत नवी भांडी आली आणि मी मागे सरकले. तरी शिळ्या भाकरीच्या दिवशी त्या मलाच शोधत.

एका सकाळी भाकऱ्या भाजून झाल्या आणि शशिकलाबाई ओट्यापाशी खाली बसल्या. पुन्हा उठल्या नाहीत.

टोपलीत दोन भाकऱ्या उरल्या. आमच्याकडे सुतकात घरची शेगडी पेटत नाही. भावकीतून जेवण येतं. ते इतकं आलं की उरू लागलं. शशिकलाबाईंच्या नणंदेने, भामाआत्यांनी, सगळं उरलेलं गाईला घालायला काढलं, तेव्हा मुलगी मनिषा ती टोपली छातीशी धरून उभी राहिली. आईच्या हातच्या आता एवढ्याच भाकऱ्या होत्या. विस्तवाशिवाय त्या टिकणार कशा? तिने त्या गच्चीवर उन्हात वाळवल्या. मी ओट्याखाली थंड पडून होते. माझ्या अंगावर गंज चढत होता.

सुतक फिटल्यावर तिने मला बाहेर काढून घासलं.

“आत्या, आई ताक कधी घालायची?”

“तिला इचारायचं ऱ्हायलं ना गो,” आत्या म्हणाल्या. “आता कढईला इचार.”

मला माहीत होतं, मित्रांनो. भाकरी आधी तेलात परत, आच मंद कर, ताक ओतू नकोस, बोटांनी शिंपड, झाकण ठेव. सगळं माहीत होतं. पण लोखंडाला तोंड नसतं. तिने ताक एकदम ओतलं. पहिल्या भाकरीचा लगदा झाला आणि तळाला करपला. तो तिने ताटलीत काढून ठेवला.

दुसरी भाकरी ती कितीतरी वेळ नुसती हातात धरून बसली. मोडली तर संपणार होती. ठेवली तर कधीतरी तिला कीड लागणार होती. मी तापत राहिले. शेवटी तिने ती मोडली.

या वेळी तिने ताक शिंपडलं. उभ्यानेच घास घेतला.

“आईसारखं नाही झालं.”

आत्यांनी चिमूटभर तोंडात टाकलं. “नाय झालं. पन वाया बी नाय गेलं. ती करपलेली बी आन इकरं.”

दोघींनी मला तळापर्यंत खरवडलं.

मित्रांनो, शिळं अन्न टाकू नका. आणि ते चवदार करणारे हात घरात आहेत, तोवर त्यांच्याजवळ उभे राहा, विचारून घ्या. मनिषा आता मला रोज घासते, तेलाचं बोट फिरवून ठेवते. ती माझ्याकडे बघत बसते. मला अजूनही काही सांगता येत नाही.