उजव्या बाजूने नांदेड

आमच्या ह्यांनी पंचवीस वर्षं लातूर-नांदेड एसटी चालवली आणि कुणाचं कोंबडंसुद्धा चाकाखाली येऊ दिलं नाही. हे मी सांगत नाही, हेच सांगतात, घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला, चहा निवेपर्यंत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात घालवली, पण माझ्या वर्गातल्या मुलांची नावं मी कधी एवढ्या कौतुकाने घेतली नाहीत.

आमचा एकुलता एक राजशेखर अमेरिकेत एका लहानशा गावात राहतो. मागच्या पौषात त्याला ऑफिसातच फिट आली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सहा महिने गाडीला हात लावायचा नाही, असं बजावलं. ऑफिस चाळीस किलोमीटरवर. त्या गावाला बस नाही, रिक्षा नाही. सोबत न्यायचे ते मित्र दोन आठवड्यांत कंटाळले. एका सकाळी त्याने फोनवर तोंड दाखवलं तेव्हा ते एवढंसं झालं होतं.

"आप्पा, तुम्ही येता का? गाडी चालवायला?"

ह्यांनी, म्हणजे मल्लिकार्जुन आप्पांनी, क्षणाचाही विचार केला नाही. "हाव, येतो की! त्यात काय हाय?"

त्यात काय आहे ते फोन ठेवल्यावर कळलं. तिथे सगळं उलटं. रस्त्याच्या उजव्या बाजूने जायचं, गाडीत डावीकडे बसायचं. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना आठ दिवसांत हातात पडला, पण परवान्याने हात थोडेच शिकतात? मुलगा शेजारच्या सीटवर बसणार होता. आधीच आजारी, आधीच धसका घेतलेला. एकदा, फक्त एकदा, जुन्या सवयीने गाडी डावीकडे गेली की संपलं.

मग आमच्या अंगणात अमेरिका सुरू झाली. रोज सकाळी सडा टाकून मी रांगोळीने रस्ता काढायची. कडेच्या पांढऱ्या रेघा रांगोळीच्या, मधली पिवळी रेघ हळदीची. घरची हळद, मुठी मुठी! त्या रस्त्यावरून हे सावकाश चालायचे, जेवणाचं ताट स्टिअरिंगसारखं दोन्ही हातांत धरून, आणि वळणावर ताट फिरवायचे. शेजारच्या शांतम्मा कुंपणावरून बघत राहायच्या. एक दिवस न राहवून विचारलंच, "हे कंचं व्रत म्हणायचं, उमादेवी?"

राजूने तिथल्या चौकाचं चित्र पाठवलं होतं. चारही बाजूंच्या गाड्या येऊन थांबतात आणि जो आधी आला तो आधी निघतो. ना पोलीस, ना दिवा.

"आसं कुठं आसतंय का?" हे म्हणाले. "मंग मोठ्या गाडीचा मान?"

दुपारी पडवीत दोन खुर्च्या मांडून आम्ही नांदेडला जायचो. पूजेला बसतात तशी मी ह्यांच्या उजव्या हाताला. हे डोळे मिटायचे, ताट धरायचे आणि उजव्या बाजूने निघायचे. उन्हाची तिरीप पायावरून सरकत असायची. "चाकूर आलं," हे हळूच म्हणायचे, आणि मला खरंच चाकूरचा लिंब दिसायचा, पण पलीकडच्या अंगाला गेलेला. अहमदपूरची दुकानं रस्ता ओलांडून समोर जाऊन बसलेली. लोह्याच्या पुढे शेतं, विहिरी, बांधावरच्या बाया, सगळं आरशात पाहावं तसं. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. मग गोदावरीचा पूल यायचा आणि खाली पाणी संथ पसरलेलं असायचं. मी आयुष्यात इतक्या वेळा नांदेडला गेले, पण इतकं सुंदर नांदेड कधी पाहिलं नव्हतं. परतताना मला झोप लागायची आणि उठवलं की लातूर आलेलं असायचं.

नवव्या दिवशी चाकूरच्या अलीकडेच ह्यांच्या हातातलं ताट खणकन फरशीवर पडलं. हे घामाने भिजले होते.

"टरक आला समोरून. मी डावीकडं घेतली."

"अहो, पडवीत कुठला ट्रक?"

"राजू बसला होता बाजूला," हे म्हणाले. "तू न्हाई, राजू."

त्या दिवशी चहा नाही, पेपर नाही. संध्याकाळी म्हणाले, "त्याला सांग, आप्पाचं गुडघं दुखून राहिलेत. जमायचं न्हाई. माझे हातच बेइमान झालेत, उमा."

मला असा संताप आला! पोराने एवढ्या लांबून हाक मारली आणि हे गुडघे पुढे करतात. "तुम्हीच सांगा," मी म्हणाले. "मी आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलंय." पण खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. मीही त्या ट्रकचा विचार करत होते.

दुसरा दिवस सोमवारचा. आम्ही सिद्धेश्वराला गेलो. बेल वाहिला, नमस्कार केला आणि हे खाली मान घालून प्रदक्षिणेला निघाले. मी मागे होते. महादेवाची प्रदक्षिणा पुरी घालत नाहीत. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ती नाळ ओलांडायची नसते. तिथपर्यंत जायचं आणि आल्या पावली मागे फिरायचं, पलीकडच्या बाजूने पुन्हा नाळेपर्यंत जायचं आणि परत यायचं. लहानपणापासून पाय आपोआप वळतात. हे नाळेपाशी आले, वळले, आणि समोरासमोर आलो तेव्हा मी त्यांना तिथेच अडवलं.

"आता देव कोणत्या हाताला आहे?"

"डाव्या."

"आणि जाताना?"

"उजव्या." हे वैतागले. "देवळात काय परीक्षा घेऊन राहिलीस?"

"कधी चुकलात? साठ वर्षांत एकदा तरी नाळ ओलांडलीत?"

हे नाळेकडे बघत उभे राहिले. मागे चार माणसं खोळंबली. पाणी थेंबथेंब पडत होतं.

"म्हंजे डावं-उजवं ध्यानात ठेवायचंच न्हाई," हे अखेर म्हणाले. "पिवळी रेघ म्हंजे नाळ, तेवढी ध्यानात ठेवायची. ती माझ्या दाराच्या अंगाला, आन् ती ओलांडायची न्हाई."

त्या दुपारी आम्ही नांदेडला जाऊन आलो. ताट पडलं नाही.

चैत्रात आम्ही अमेरिकेत पोचलो. चार दिवस हे पहाटे उठून एकटेच गल्लीत गाडी फिरवत होते. पाचव्या दिवशी, सोमवारी, राजू शेजारी बसला आणि मी मागे. राजूने दारावरचा दांडा गच्च धरला होता, आणि आप्पांनी वळण घेतलं की त्याचा पाय नसलेला ब्रेक दाबायचा. "आप्पा, सावकाश." "आप्पा, उजवीकडे." मला मागे बसून ह्यांच्या मानेवरचा घाम दिसत होता.

एका चौकात हे डावीकडे वळायला थांबले. समोर एका बाईची गाडी. तिने दिव्यांची उघडझाप केली. आपल्याकडे त्याचा अर्थ एकच, बाजूला हो, मी येतोय. हे थांबून राहिले. तिने पुन्हा दिवे दाखवले. हे आणखी थांबले.

"आप्पा, ती तुम्हाला जा म्हणतीय!"

"मला? दिवे मारून?"

"हो! इथे तसंच असतं!"

ह्यांनी स्टिअरिंग सोडलं, त्या बाईला दोन्ही हात जोडून चक्क नमस्कार केला, आणि मगच वळले. बाई बघतच राहिली. राजू हसायला लागला. पौषापासून त्याचं हसू मी ऐकलं नव्हतं. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि हसता हसता त्याने दांडा सोडला.

पुढे सरळ रस्ता होता. दोन्हीकडे नवी पालवी फुटलेली झाडं, मध्ये पिवळी रेघ, आणि चाकांचा बारीक आवाज. थोड्या वेळाने मी काहीतरी विचारलं तर राजूचं उत्तर आलं नाही. पुन्हा फिट तर नाही? पुढे वाकून पाहिलं. मान खिडकीकडे कललेली, तोंड किंचित उघडं. पोरगं गाढ झोपलं होतं.

ऑफिसची काचेची इमारत आली आणि मागे गेली.

"अहो, ऑफिस गेलं की!" मी कुजबुजले.

"दिसलं मला. ऑफिस भरायला पाऊण घंटा हाय अजून." ह्यांनी वेग जरासुद्धा बदलला नाही. "थांबलो की जागा होईल त्यो."