रिकाम्या रेबोतला धूर

मी नक्की किती जुना आहे, हे मलाच सांगता येत नाही, मित्रांनो. मी लडाखच्या चांगथांग पठारावरचा रेबो, म्हणजे याकच्या केसांचा काळा तंबू. दर वर्षी माझ्या मधोमध एक नवी पट्टी शिवतात आणि कडेची झिजलेली काढून टाकतात. त्यामुळे माझा काही भाग म्हातारा, तर काही अगदी कोवळा. माझा मालक गुरमेत, त्याच्या आजोबांनी विणलेली शेवटची पट्टी कधीच गळून गेली, तरी सगळे मला त्यांचाच रेबो म्हणतात.

माझ्या पोटात चूल पेटायची. तिचा धूर आणि लोण्याचा ओशटपणा माझ्या केसाकेसांत मुरला, म्हणून वादळवाऱ्यात मी कधी हार खाल्ली नाही. गुरमेत आणि यांगडोल या नवराबायकोचा संसार मी सांभाळला. पोरं लेहला शाळेत. शेळ्या, मेंढ्या आणि याक चारत आम्ही वर्षभर फिरायचो आणि हिवाळ्यात लुंगमरच्या कुरणावर उतरायचो. समोरच्या डोंगराच्या धारेपलीकडे दुसरा देश. आमच्याकडे कुंपण नाही. ज्याच्या चुलीचा धूर, त्याचं कुरण, एवढं सगळ्यांना कळतं.

पण अलीकडे माझा जीव थाऱ्यावर नसतो. वारा नसतानाही दोर ताणल्यासारखे वाटतात. लुंगमरला बर्फच पडेनासा झालाय. तुम्ही म्हणाल, बरंच झालं, थंडी कमी! तसं नाही. हिवाळ्यात आमची जनावरं बर्फ चाटून तहान भागवतात. बर्फ नाही, तर समोर गवत असूनही ती राहू शकत नाहीत. त्यातच, कडाक्याच्या थंडीतही न गोठणारा आमचा झरा आटला. याक कमी झाले, केस पुरेनात, आणि गेल्या वर्षी प्रथमच मला नवी पट्टी मिळाली नाही.

या हिवाळ्यात गुरमेतने कळप दूरच्या खोऱ्यात नातेवाइकांकडे न्यायचं ठरवलं. यांगडोल तोंड फुगवून बसली.

"आपण उठलो की पलीकडचे येऊन बसतील," ती म्हणाली. "शेजारचं कुरण एक हिवाळा ओस पडलं, तर तिथे त्यांनी दगडी भिंत घातली. विसरलास?"

"मग शेळ्यांना काय पाजू? तुझे अश्रू?"

"झऱ्याला पाणी येईल पुन्हा."

"झरा काय तुझ्या माहेरचा आहे, तू म्हणशील तेव्हा यायला?"

ती हसली नाही. इतक्यात जवळच्या लष्करी चौकीवरचे सुभेदार गुसाईं आले. माणूस गढवालचा, सरळ. हातातला चहा निवून गेला, तरी त्यांना बोलणं जड जात होतं.

"जा म्हणू की राहा म्हणू, मलाच कळत नाही," ते म्हणाले. "जनावरं मारून राहा असं कोणत्या तोंडाने सांगू? पण हा रेबो तेवढा उभा राहू द्या. आमची पोरं येऊन चूल पेटवतील."

अशा रीतीने मी रिकामा उभा राहिलो. जवान येत, चूल पेटवत, दोन घटका गप्पा मारून जात. छतातून धूर निघे. पण त्याला ना लोण्याचा वास, ना कुणाच्या भांडणाची ऊब. मला स्वतःचीच लाज वाटायची. आयुष्यभर माणसं राखली आणि आता नुसतं सोंग राखत होतो!

एके दिवशी दोन जवान चुलीशी हात शेकत बसले होते. एक म्हणाला, "काल सरहद्दीवर झालेल्या बैठकीत पलीकडचा साहेब आपल्या साहेबांना हसला म्हणे. म्हणाला, तो कसला रेबो? धूर निघतो, पण पाणी भरायला एकही बाई बाहेर पडत नाही."

दुसरा म्हणाला, "खरंच आहे की."

तो दिवस मी फडफडण्यात काढला. कुरण हातचं चाललं होतं, आणि मला पाय नव्हते.

सुभेदारांनी निरोप पाठवला असावा. काही दिवसांनी चौकीची गाडी आली आणि तिच्यातून यांगडोल उतरली. सोबत पाच-सात शेळ्या. गुरमेत कळपापाशीच राहिला होता.

"त्याने येऊ दिलं?" सुभेदारांनी विचारलं.

"म्हणाला, वेडी आहेस. आणि चहाची पिशवी भरून दिली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पाण्याचा डबा पाठीला बांधला.

"ताई, झरा तर कोरडा आहे," सुभेदार म्हणाले. "पाणी चौकीतून मिळेल की."

"झरा कोरडा आहे, हे त्यांना ठाऊक आहे का?"

"नाही."

"मग झालं तर."

तेव्हापासून ती रोज जाते. उघड्या उतारावरून झऱ्यापर्यंत चालते, दगडांत वाकते, डबा भरायला लागेल इतका वेळ बसते. येताना पाठ वाकवून, ओझं असल्यासारखी पावलं टाकते. धारेवरच्या दुर्बिणींना पाणी भरून परतणारी बाई दिसते. आत आली की ती डबा उतरवते आणि शेळ्यांकडे वळते. खरं पाणी संध्याकाळी चौकीतून येतं, तेही मोजकंच. एवढ्या पाण्यावर कळप परत येणार नाही, हे तिला कळतं आणि मलाही.

मित्रांनो, मी फाटलो तर मला शिवता येईल. धारेवर आणखी जवान उभे करता येतील. पण बर्फ पाडायचा हुकूम कुठल्याच सुभेदाराला देता येत नाही. दूर कुठे धुरांडी ओकतात, गाड्या धावतात, हवा तापते, आणि इथे एका देशाची कड सुकत जाते. तुम्ही मोठे व्हाल. सरहद्द म्हटलं की तुम्हाला बंदूक आठवेल. तेव्हा यांगडोलच्या पाठीवरचा हा डबाही आठवा, आणि तो भरण्याचं काही जमतंय का बघा. ती उद्या सकाळी पुन्हा निघणार आहे.