दहाही वेळा तोच आकडा

चिमट्यातलं शंभर ग्रॅमचं वजन तिनं दहाव्यांदा तराजूच्या ताटलीत ठेवलं, काचेचं दार सरकवलं, श्वास रोखून पाहिलं – तोच आकडा. दहाही वेळा तोच, अगदी शेवटच्या दशांश स्थळापर्यंत, आणि दहाही वेळा चुकीचा.

‘प्रिसाइज’ आणि ‘अ‍ॅक्युरेट’ यांतला फरक एका पानात लिहा, असं साहेबांनी सकाळीच सांगितलं होतं. तराजू तपासायला पाठवणारी गिऱ्हाइकं दोन्ही एकच समजतात म्हणे. समजणारच... आपण मराठीत दोन्हींना ‘अचूक’ म्हणून मोकळे होतो. प्रिसाइज म्हणजे कितीदाही मोजा, तेच येणार. अ‍ॅक्युरेट म्हणजे खऱ्याच्या जवळ जाणार. इतकं साधं, आणि तरी चौथा कागद चुरगळून झाला होता, कारण पुढे उदाहरण हवं होतं आणि उदाहरण म्हटलं की दुपारी डबा खाताना आलेला भावाचा फोनच डोक्यात घोंघावत होता –

“बाबांना डाव्या डोळ्यानं दिसत नाहीये. दोन महिने झाले. तुला माहीत नव्हतं? तू तर रोज बोलतेस!”

रोज. साडेसहाला, घरी पाऊल टाकल्या टाकल्या फोन. जेवलात का, गोळी घेतली का, पाय कसा आहे, झोप लागते ना. एक दिवस चुकवला नाही मी, तापात पडले होते तेव्हासुद्धा... आणि हा महिन्यातून एकदा भलत्या वेळी फोन करणार, अर्धा वेळ त्यांच्याशी भांडणार, आणि कळलं कुणाला, तर याला! तिला भावाचा राग आला, मग बाबांचा – सांगायला काय झालं होतं? – आणि मग स्वतःचाच, कारण ती डोळ्याचं कधी विचारतच नव्हती. पायाचं विचारत होती. पाय तीन वर्षांपूर्वी मोडला होता आणि केव्हाच बरा झाला होता.

“झालं का पान?” साहेबांनी दारातून डोकावून विचारलं.

“उदाहरण अडलंय.”

“त्यात काय अडायचं? समोरच्या तराजूचंच द्या की!”

ते गेले. घड्याळात तीन वाजले होते. तिनं हातमोजे काढले आणि फोन लावला.

“बाबा –”

“हो, जेवलो,” ते म्हणाले. “गोळी घेतली. पाय बराय. झोप लागते.”

एका दमात सांगून ते थांबले, तिनं सुटकेनं ‘बरं, ठेवते’ म्हणावं म्हणून. किती वर्षं ते हे तिला बरं वाटावं म्हणून म्हणत आले असतील... डोळ्याचं आता विचारावं, तर तो भावाकडून कळलेला प्रश्न, तिचा नव्हेच.

“ठेवू?” बाबांनी विचारलं.

“नको,” ती घाईनं म्हणाली. आणि पुढे काय बोलावं ते तिला खरंच सुचेना.