चार दारांचा गुन्हा

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, चार दारांची. शांतपणे सांगायचं ठरवलं होतं, पण माझा राग अजून गेलेला नाही.

पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी कॅनडातल्या विंडसरच्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्याच मॉडेलच्या दोन दारांच्या गाड्याही तिथेच बनत. इंजिन तेच, पत्रा तोच. फक्त त्यांची दारं लांबलचक आणि छप्पर मागे उतरतं, म्हणून त्या ऐटबाज. मी आपली घरगुती.

उल्हासकाका आणि प्रभाकाकूंनी मला घेतलं. त्यांच्या तान्ह्या लेकीला, चैत्रालीला, दवाखान्यातून घरी आणलं ते मीच. पुढे काकांचे गुडघे गेले, तेव्हा मागचं दार सताड उघडून त्यांना अलगद बसवता येई. दोन दारांच्या गाडीत पुढची सीट वाकवून, अंग चोरून मागे शिरावं लागतं. ते त्यांना कुठून जमणार? हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पत्रा गंजू नये म्हणून काका मला एप्रिलपर्यंत गॅरेजबाहेर काढत नसत.

गेल्या वर्षी काका वारले. मग मला विकत घ्यायला मिसिसागाहून नंदन आला. सॉफ्टवेअरवाला, गोडबोल्या.

"काकू, डोन्ट वरी. हिला घरच्यासारखं जपेन."

काकूंनी डोळे पुसत किल्ली दिली.

त्याच्या गॅरेजमध्ये माझ्याच मॉडेलची लाल, दोन दारांची गाडी उभी होती. बॉनेट उघडं, आत इंजिन नाही! माझ्या लक्षात आलं. आठवडाभरात नंदनने माझं इंजिन, बंपर, दिवे काढून तिला चढवले. उरलेली मी भंगारात जाणार होते.

त्या शनिवारी काकू न कळवताच मला बघायला आल्या. गॅरेज उघडंच होतं.

"हे काय केलंस रे?"

"काकू, फोर-डोअरला कोणी विचारत नाही. लोकांना टू-डोअरच हवी असते. ही पार्ट्ससाठीच घेतली होती."

"मग जपेन म्हणालास ते?"

नंदन पुटपुटला, "खरं सांगितलं असतं तर तुम्ही दिली नसती."

"नसतीच दिली!" काकू कडाडल्या. शेजारी बाहेर आले. "ट्रक बोलव. हिला घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

तीन तास त्या गॅरेजसमोरच्या ड्राइव्हवेवर उभ्या राहिल्या. शेवटी ट्रक आला. माझा सांगाडा विंडसरला परतला. इंजिन मात्र त्याने दिलं नाही.

परवा चैत्रालीने फोनवर एक व्हिडिओ लावला. प्रदर्शनात त्या लाल गाडीला बक्षीस मिळालं होतं. तिचं छप्पर, तिची दारं, सगळ्यांच्या तोंडी तिचंच कौतुक. नंदनने गाडी सुरू केली. काकूंनी आवाज ऐकला आणि फोन उलटा ठेवला. तो आवाज माझा होता.

मित्रांनो, देखणी गाडी तुम्हाला खुशाल आवडो. पण तिला नटवण्यासाठी दुसरीचं काळीज उपटू नका. आणि उपटलंच, तर निदान टाळ्या वाजताना माझं नाव सांगा.