कोवळी कॉफी

टोपलीत चारशे बारा फळं होती. एकसष्ट लाल, चौऱ्याण्णव पिवळसर आणि दोनशे सत्तावन्न हिरवी. मी दोनदा मोजली, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नाही.

"झालं मोजून?" नाफू मावशी म्हणाली. "कुनमिंगच्या शेती कॉलेजात चार वर्षं राहून पोरगी हेच शिकली. आता टोपलीची भोकंही मोज."

"मावशी, ही कच्ची आहेत."

"कच्ची नाहीत, कोवळी आहेत. ती लाल चुकून आली, नजर अधू झालीय माझी."

मग मला सगळं कळलं. आमच्या लाहू जमातीच्या वस्तीत पिढ्यानपिढ्या चहाच खुडतात. जिच्या टोपलीत निबर पान सापडतं, तिचं नाव वर्षभर प्रत्येक चुलीपाशी निघतं. मावशीच्या टोपलीत ते कधी सापडलं नव्हतं. तीच शिस्त तिने कॉफीला लावली होती.

पाच वर्षांपूर्वी आईकडून आलेल्या दोन मू, म्हणजे जेमतेम तेरा गुंठे, जमिनीतला चहा काढून तिने हट्टाने कॉफी लावली. दोन हंगाम फळ आलं. दोन्ही वेळा तालुक्याच्या कॉफी-चाचणी केंद्राने शंभरपैकी बहात्तरच्या आसपास गुण दिले आणि शेरा मारला, 'गवताची चव'. तिच्या नवऱ्याशी, झापो काकांशी, तिचं ठरलं होतं: तिसऱ्या हंगामात ऐंशी मिळाले नाहीत, तर कॉफी उपटायची. काकांनी चहाची रोपं आणून अंगणात मांडलीसुद्धा. रोज सकाळी मावशी समोर असली की ते त्यांना पाणी घालत आणि लाडाने बोलत.

मी साखरमापकाच्या काचेवर हिरव्या फळाचा कसाबसा एक थेंब पिळला. नऊ. लाल फळाचा घेतला. एकवीस.

"चहात गोडवा कोण मोजतं?" मावशी म्हणाली.

"हा चहा नाही. इथे पान नको, बी हवं. फळ पिकलं की बी भरतं."

तिने एक लाल फळ उचलून दाबून पाहिलं. "म्हणजे आंब्यासारखं?"

"साधारण."

"मग दोन वर्षं तोंडात काय धरलं होतंस? पत्रात नुसतं हवामान लिहायचीस!"

अठरा दिवस तिने झाडांना हात लावला नाही. हात लावण्यापेक्षा ते अवघड गेलं. वरच्या घरची नावू आजी कुंपणापाशी थांबून रोज विचारायची, "नाफू, बरं नाही का गं तुला? मळा सगळा निबर झाला की!" मावशी हात पाठीमागे बांधून झाडांमध्ये फिरायची.

"बांधून देऊ का हात?" काका विचारायचे. "दोरी आहे माझ्याकडे."

"तुमच्या जिभेला पुरेल का ती, आधी बघा."

एकोणिसाव्या दिवशी तिने तोडणी सुरू केली, फक्त लाल फळांची. प्रत्येक झाडाकडे ती चारदा परत गेली. चहाच्या बोटांना लाल तेवढं वेचणं पटकन जमलं. वाळवणीला बावीस दिवस लागले. मग नमुना घेऊन आम्ही तिघं केंद्रात गेलो.

तिथे तीन जण चव घेणारे होते. त्यांतली यूवान नावाची, दाई जमातीची मुलगी चमच्यातली कॉफी एवढ्या जोरात भुरकायची, की काका दचकले.

"माझ्या सासूने असा आवाज ऐकला असता, तर ताटावरून उठवलं असतं."

"हवा आत गेली की चव कळते, काका," यूवान म्हणाली. "तुम्हीही घ्या."

काकांनी भुरकलं आणि त्यांना ठसका लागला. मावशी हसली नाही. तिचं लक्ष तिघांच्या पेन्सिलींवर होतं.

"गवत लागलं का?" तिने हळूच विचारलं.

"मावशी, बोलायचं नसतं," मी म्हटलं.

"मी गवताबद्दल विचारलं, कॉफीबद्दल नाही."

यूवानने ओठ घट्ट मिटून हसू दाबलं, तिन्ही कागद जुळवले, बेरीज केली, तिनाने भागलं आणि फळ्यावर आकडा लिहिला.

८३.२५.