सहा तासांनंतरचा पांढरा

प्रयोगशाळेतल्या बाईंची नोकरी त्या दिवशी दोन चकत्यांवर येऊन ठेपली होती. समितीला पसंत पडलं तर दोन वर्षांची मुदतवाढ, नाहीतर महिनाअखेर कपाट रिकामं.

दिवा विझल्यावरही तासन्‌तास चमकत राहणारी पावडर काही नवीन नाही. जिन्यावरच्या पट्ट्यांत ती कधीचीच असते. पण ती पडली हिरवी. बाईंना हवा होता पांढरा उजेड. त्यासाठी डिस्प्रोशिअम नावाचं दुर्मिळ मूलद्रव्य चिमूट-चिमूट घालून पावडर भाजण्यात त्यांची सहा वर्षं गेली. हे मूलद्रव्य निळा आणि पिवळा उजेड एकदम देतं, आणि डोळ्याला दिसतो पांढरा. या सहा वर्षांत नवऱ्याने घराच्या भिंतींचा रंग दोनदा बदलला, आणि दोन्ही वेळा तो बाईंना सांगावा लागला.

चाचणीची पद्धत बाईंनीच लिहून दिली होती. पावडरीची चकती सकाळी दिव्याखाली धरायची आणि थेट सहा तासांनी, मिट्ट काळोखात बघायची. पहिला अर्धा तास काय, कुणीही चमकून दाखवेल, असा त्यांचा तोरा. शेजारी बाजारातली हिरवी चकती ठेवायची. हातच्या काकणाला आरसा कशाला?

चार वाजता समितीचे तिघे आले. प्रयोगशाळेतले जुने मदतनीस, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांनी खिडक्यांवर काळं कापड ओढलं. डोळे सरावेपर्यंत वीस मिनिटं सगळे काळोखात बसून राहिले. मग मामांनी डब्याचं झाकण काढलं.

"वा," अध्यक्ष म्हणाले, "डावीकडची काय पांढरीशुभ्र आहे."

बाकीच्या दोघांनी री ओढली. उजवीकडची बाजारातली बिचारी फारच मंद, असंही एकाने म्हणून घेतलं.

बाईंना तर दोन्ही चकत्या पांढऱ्याच दिसत होत्या. उजेड फारच मंद झाला की माणसाच्या डोळ्याला रंग कळत नाहीत, हे त्यांनी शिकताना परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण पुढे यंत्रातले आकडेच बघत राहिल्या. काळोखात चकतीसमोर बसायला सवड कुणाला होती? आपल्या चकतीला खूण म्हणून खालून पाडलेली खाच त्यांनी बोटाने चाचपली. ती उजवीकडच्या चकतीला होती. बिचारी त्यांचीच होती.

गप्प राहिल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. मोह झालाच. कपाटात सामान फार होतं.

"माझी उजवीकडची," त्या शेवटी म्हणाल्या. "डावीकडची हिरवी आहे, या काळोखात कळत नाही. पाच मिनिटं दिवा लावून विझवते, लगेच दिसेल."

"तुमच्याच कागदावर सहा तास लिहिलेत, बाई," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "आणि शेवटी सगळं पांढरंच दिसणार असेल, तर स्वस्तातली काय वाईट?"

एवढं बोलून तिघे मुदतवाढीवर काट मारून चहाला गेलेही.

बाईंनी मामांना दिवा लावायला सांगितला, आणि पाच मिनिटांनी विझवायला. एक चकती पोपटी हिरवी झाली. दुसरी दुधासारखी पांढरी. बाई स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या, सहा वर्षांत पहिल्यांदाच. त्यांना रडू येत होतं आणि ती फार सुंदर दिसत होती.

मामा मागे येऊन उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "हेच आधी दाखवायचं ना."